भिंतीवरचा फाळका

मित्रांनो, मी एक जुना फाळका. तुमच्यातल्या निम्म्यांना फाळका म्हणजे काय हेच ठाऊक नसणार, म्हणून आधी राग गिळतो आणि मग सांगतो. ट्रकच्या मागच्या बाजूने माल सांडू नये म्हणून लाकडी झडप असते ना, साखळीने बांधलेली, खटकन खाली पडणारी, तो मी. आता मला साखळी नाही. वणीतल्या एका टिनाच्या गॅरेजमध्ये आठ बोल्टांनी मला भिंतीला कसून टाकलं आहे, आणि माझ्या अंगावर पाने, पकडी आणि हातोड्या लटकतात.

जातीने मी साग आहे, घाटंजीकडच्या जंगलातला. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. हिरासिंग नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रकला मी सोळा वर्षं होतो. तांड्यावरचा माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. दोघांनी मिळून वणी ते चंद्रपूर किती कोळसा नेला त्याला गणती नाही. माझ्या पाठीवर पिवळ्या रंगात ‘पुन्हा भेटू’ असं लिहिलेलं होतं. मागून येणारा प्रत्येक जण मला वाचायचा. रेल्वे फाटकाशी थांबलो की शाळेची पोरं ओरडून वाचायची, एखादं पोर तर बाराखडी माझ्यावरच पक्की करायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग लोखंडी टिपर आले आणि आमचा ट्रक भंगारात निघाला. भंगारवाला मला चुलीत घालणार होता. हिरासिंगने मला खोलून खांद्यावर घेतलं आणि थेट भीमराजच्या दारात आणून टेकवलं. म्हणाला, “भीमराजभाऊ, हा सोळा सालचा सोबती हाय. तुह्या हातानं याचं काही चांगलं कर.”

भीमराज म्हणजे खाणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर. गाड्यांचा नाद असा, की रस्त्यावरून गाडी गेली तर न पाहता सांगायचा, हिचा बेल्ट सैल आहे. यवतमाळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची बंद पडलेली फियाट त्याने दोरीने ओढत घरी आणली होती. तिला जिवंत करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याचं कारणही होतं. तो आणि त्याची बायको कौसल्या दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. कधी बसमध्ये उभ्याने, कधी मिळेल त्या गाडीच्या हौद्यात. भीमराज तिला सांगायचा, “एक साल असं येईन, का आपण आपल्या गाडीनं जाऊ. मी चालवीन आन् तू समोरच्या सीटवर बसशील.” कौसल्या म्हणायची, “बसीन बसीन. आधी तिले चाकं तं लाव.” पण ती हे म्हणताना हसायची, आणि ते हसू खरं असायचं.

गाडी दुरुस्त करायची तर हत्यारं हाताशी हवीत. भीमराजने विकत काहीच आणलं नाही. तेलाचे रिकामे डबे कापून त्याने खण केले. पाण्याच्या पाइपचे तुकडे तिरपे ठोकून त्यांत पेचकस उभे केले. नट-बोल्टांसाठी बरण्या हव्या होत्या, तर भिंतीतल्या एका फळीच्या खालच्या अंगाला त्याने बरण्यांची झाकणंच ठोकली आणि बरण्या खालून फिरवून बसवल्या. एका हाताने फिरवली की बरणी हातात. अक्कल होती माणसाला. फक्त बरण्या कुणाच्या, हे त्याने पाहिलं नाही.

कैऱ्यांच्या दिवसांत कौसल्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. “माह्या लोणच्याच्या बरण्या कुठी गेल्या?”

“घरातच हायेत न,” भीमराज म्हणाला. “फक्त लटकून हायेत.”

त्या वर्षी लोणचं स्टीलच्या डब्यात घातलं गेलं, आणि भीमराजला ते आठवडाभर वाढलंच नाही.

माझ्यावर मात्र त्याने दोन दिवस विचार केला. मला अंगणात आडवं पाडलं, घासलं, तेल पाजलं. लिहिलेली बाजू भिंतीकडे गेली, याचं मला वाईट वाटलं. मग त्याने एकेक हत्यार माझ्यावर मांडलं, हलवलं, पुन्हा मांडलं. जागा ठरली की पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ ओढली, आणि त्या रेघेवर बारीक कुंचल्याने पांढरा रंग भरला. पान्याच्या आकारात पाना, पकडीच्या आकारात पकड. “ज्याची त्याची जागा दाखवून देली का वस्तू हरवत नाही,” असं तो स्वतःशीच म्हणत होता.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो दोन पावलं मागे सरकायचा आणि माझ्याकडे एकदा, फक्त एकदा पाहायचा. कुठलं हत्यार बाहेर राहिलं असेल तर त्याची पांढरी रेघ रिकामी दिसायची. सगळं जागेवर असलं की “भरलं” म्हणायचा आणि दिवा मालवायचा. मला पुन्हा कुणी वाचू लागलं होतं. रस्ता आठवायचा, नाही असं नाही. पण त्या एका नजरेसाठी मी रस्ता विसरायला तयार होतो.

तीन वर्षं अशी छान गेली. मग एका संध्याकाळी बारा-तेराचा पाना चौदा-पंधराच्या जागी लटकला.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? पण पाना लहान आणि जागा मोठी, त्यामुळे भोवती पांढरी रेघ उघडी पडली. भीमराजच्या हातून तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. खरी जागा शेजारीच, वीतभर अंतरावर रिकामी होती. ती त्याला दिसलीच नाही. पुढे त्याचं ते एका नजरेत पाहणंही थांबलं. आता तो मला तुकड्यातुकड्याने पाहायचा, मान इकडे वळवून, तिकडे वळवून. एकदा तर पेचकस त्याच्या उजव्या कानाशी उभा, आणि हा सगळं गॅरेज धुंडाळतो आहे.

कौसल्या चहा घेऊन आली. “थे काय, कानापाशीच तं हाय,” म्हणाली आणि हसत आत गेली. त्यांची मुलगी दीपा अमरावतीला शिक्षिका आहे. ती दिवाळीत आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमचा फाळका बिघडला. काहीबाही कुठेही लटकते.” तीही हसली.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर! फाळका बिघडला नव्हता. फाळका रोज सांगत होता. ज्या मला रस्त्याने जाणारी पोरं अक्षर अक्षर लावून वाचायची, तो मी घरच्या माणसांना वाचता येईना. मी नुसता लटकलेल्या चुका अंगावर घेऊन बसलो होतो.

भीमराजला स्वतःला कळलं होतं. त्याने ते एकाच माणसाला सांगितलं, तेही माझ्या समोर. हिरासिंग स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

“बाजूचं काही दिसूनच नाही राह्यलं,” भीमराज म्हणाला. “आन् दिव्याभोवती कडं दिसते.”

“मोतीबिंदू हाय तो,” हिरासिंग ठासून म्हणाला. “माह्या याडीले असंच झालतं.” याडी म्हणजे त्याची आई. “दोन साल पिकू देल्ला, मंग काढला. आता सुईत दोरा ओवते. कच्चा असला का हात लावू नये. पिकू दे.”

“मंग पिकू देतो. पण कौसल्याले सांगजो नको. थे गाडीले हात लावू नाही देणार.”

आणि मग तो वाट पाहू लागला. झाडावरचा आंबा पिकायची पाहावी तशी, अगदी निश्चिंत. चौदा महिने त्याने कुणाला डोळा दाखवला नाही. घाई होती ती गाडीची. बोटांना जे ठाऊक होतं त्यावर त्याने इंजिन बांधलं, ब्रेक बसवले, आणि एका सकाळी फियाट सुरू झाली. काय तो आवाज, मित्रांनो! टिन थरथरलं, बरण्यांतले नट नाचले. कौसल्या धावत आली. भीमराजने तिला समोर बसवलं आणि गाडी मागे घेतली.

अंगणाच्या फाटकाचा डावा खांब त्याला दिसला नाही. दार चेपलं, आरसा फुटून पडला. कौसल्याला लागलं नाही, पण तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो फुटलेल्या आरशाकडे बघत नव्हता, सरळ समोर बघत होता. “तुम्हाले खांब दिसला नाही?” तिने विचारलं. त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

दीपाने रजा काढली आणि त्याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती गॅरेजमध्ये येऊन फोनवर कुणाला तरी सांगताना रडली, म्हणून मला कळलं. मोतीबिंदू नव्हताच तो. काचबिंदू होता. मोतीबिंदू काढला की दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, वेळेत औषध सुरू केलं तर उरलेली तेवढी वाचते. पिकायला तिथे काही नव्हतंच. चौदा महिने नुसती नजर जात होती. उजवा डोळा संपला होता आणि डाव्यात पाइपच्या तुकड्यातून दिसावं एवढंच उरलं होतं.

पुढचे महिने आठवले की अजून माझं लाकूड आकसतं. दार उघडत नसे. गाडीवर गोधडी टाकलेली. माझ्यावर धूळ, पान्यांना गंज. एक दिवस हिरासिंग आला. भीमराजला हात धरून स्टुलावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसला.

“माह्या तोंडानं गेली तुही नजर,” तो म्हणाला.

भीमराजने चाचपत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “तू कुठी डॉक्टर होता हिरासिंग? तुले डॉक्टर मीच केलं.”

बाहेरून कोळशाचा टिपर गेला तेव्हा भीमराज हलक्या आवाजात म्हणाला, “याचं मागचं चाक घासून राह्यलं,” आणि हिरासिंगने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी कौसल्या सुतळीचा गुंडा आणि गोंदाची वाटी घेऊन आली. तिने माझी सगळी हत्यारं उतरवली, मला पुसलं, आणि प्रत्येक पांढऱ्या रेघेवर सुतळी चिकटवायला बसली. भीमराज चाचपून नावं सांगायचा, ती चिकटवायची. तिला नावं येत नव्हती. पाइप पान्याला ती ‘मोठ्या तोंडाचा’ म्हणायची आणि ॲलन कीला ‘वाकडी’. पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी भीमराज माझ्यापुढे उभा राहिला, बोटं सुतळीवरून फिरवली, आणि न पाहता चौदा-पंधराचा पाना त्याच्या जागी टांगला. कौसल्याने श्वास सोडला. माझा जीव तर तेव्हाच भांड्यात पडला.

दसऱ्याला ते गेले. गाडी हिरासिंगने चालवली, दाढी करून, पांढरा सदरा घालून. कौसल्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून समोर बसली, कारण तसं ठरलेलं होतं. भीमराज मागे बसला. गाडी चालवणारा मात्र तो नव्हता, आणि हे दुःख त्या दिवशी गाडीतल्या तिघांनाही होतं. मी भिंतीवरून फक्त आवाज ऐकला. फाटक, वळण, मग मोठा रस्ता. ज्या रस्त्यासाठी मी अजून झुरतो, त्या रस्त्याला आवाज मिसळला आणि गॅरेज रिकामं झालं.

परत आले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. भीमराज थकला होता, तरी सरळ बॉनेटपाशी गेला. वाटेत काहीतरी खडखडत होतं, ते त्याला सहन होईना. एक नट आवळला आणि पाना टांगायला माझ्याकडे आला. बोटं जरा चुकली. पाना लटकला आणि त्याच्याभोवती सुतळी मोकळी राहिली.

कौसल्या दारात चपला काढत होती. तिथूनच म्हणाली, “थे चवदा-पंधराची जागा हाय. तुमच्या हातात बारा-तेरा होता.”

कौसल्या, हे एवढंच एक वाक्य तू दोन वर्षांपूर्वी बोलली असतीस तर! मी तुला दोष देत नाही गं. मलाच बोलता येत नाही. भीमराजने पाना काढून योग्य जागी टांगला. “भरलं का?” त्याने विचारलं. “भरलं,” ती म्हणाली. आता हे तिलाच बघावं लागतं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायची रीत आहे. मी ती रीत मोडतो. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस चष्म्याच्या जागी किल्ल्या ठेवत असेल, कपाच्या शेजारी चहा ओतत असेल, कानापाशी असलेली वस्तू घरभर शोधत असेल, तर खुशाल हसा. पण हसून झालं की जवळ बसा, विचारा, आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. काही पिकायची वाट पाहू नका. आज घरी गेलात की आधी हेच बघा. माझ्यावरची धूळ मग पुसली तरी चालेल.