हिरवी वायर

परवा परीक्षा, आणि माझ्या नवऱ्याचा, विश्वजितचा, सरावाचा बोर्ड समोर जोडून तयार. बल्ब छान लागला होता.

"बघ, झालं," तो म्हणाला. "आता तरी इन्स्पेक्टरीण बाईंनी चहा द्यावा."

"पास झालास की देईन."

एअरफोर्समध्ये वीस वर्षं तो विमानांचं वायरिंग करत होता. निवृत्तीनंतर आम्ही इकडे उत्तरेतच, सरोजिनी नगरात राहिलो. पण घरांच्या वायरिंगला वायरमनचं परमिट लागतं. परीक्षकासमोर बोर्ड जोडून दाखवायचा. गेल्या वर्षी तो नापास झाला. परीक्षक खडूस होता म्हणे. आज सकाळीच ठेकेदार जयसिंगजींचा फोन आला होता. "फ़ौजी भाई, इस बार परमिट ले आइए, वरना हम दूसरा आदमी देख लेंगे." विश्वजित नुसता 'जी, जी' करत होता.

तो अंघोळीला गेला. नेत्रा तिथेच खेळत होती, म्हणून मी प्लग काढून ठेवला. ती आत पळाल्यावर परत लावला. दोन पिनांचा प्लग, सुलटा-उलटा कसाही बसतो. बल्ब लागला. तेवढ्यात नेत्रा परत आली आणि बोर्डाच्या लोखंडी डब्याकडे बोट नेऊ लागली. मी तिला ओढलं. मन मानेना, म्हणून टेस्टर डब्याला लावला.

टेस्टर पेटला.

"मम्मी, लाल बत्ती!" नेत्रा टाळ्या वाजवत म्हणाली.

विश्वजित ओल्या केसांनीच बाहेर आला. प्लग उपटून त्याने डबा उघडला. काळी, म्हणजे परतीची वायर डब्याच्या पत्र्याला आवळलेली, अर्थिंगची हिरवी नुसतीच लोंबत होती.

"विमानात परतीची वायर वेगळी ओढत नाहीत," तो हळू बोलला. "विमानाच्या अंगालाच जोडतात. अठ्ठावीस व्होल्ट असतात. हात लागला तरी काही होत नाही."

"आणि इथे?"

त्याने हातातला प्लग उलटा फिरवला. "असा बसला की डब्यातच करंट."

"गेल्या वर्षीही हेच केलंस ना?"

"त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं कागदावर 'नापास' लिहिलं."

"मग खडूस कोण होतं रे?" मी ओरडलेच. नेत्रा रडायला लागली.

त्याने सगळं सोडवून पुन्हा जोडायला घेतलं. काळी वायर पुन्हा पत्र्याकडेच गेली.

"हात ऐकत नाही यार, कल्पना."

त्याचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मी नेत्राला कडेवर घेऊन त्याच्यासमोर बसले. "हा पत्रा नाही. नेत्राचा हात आहे असं समज. आता जोड."

काळी वायर धरून तो बराच वेळ थांबला. मग ती वायर आपल्या स्क्रूला गेली, हिरवी डब्याला. सोडवलं, पुन्हा जोडलं. संध्याकाळपर्यंत आठ वेळा बोर्ड बरोबर आला. नवव्या वेळी हात परत पत्र्याकडे वळला.

परीक्षेच्या सकाळी तो जेवणाचा डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. दार लावून मी घरातला बोर्ड तपासला, प्लग सुलटा लावून आणि उलटा लावूनही. टेस्टर पेटला नाही. तरी मी बोर्ड कपाटावर, नेत्राच्या हाताबाहेर ठेवून दिला.

तिकडे परीक्षेत त्याला बोर्ड एकदाच जोडायचा होता.