पाण्यात उतरलेला हंडा

सेलमच्या शेवापेठेत नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे ते आलं की घरात चमचा सोडून जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायचं, अशी तिथली रीत. वैजंताला ती शिकवावी लागली नव्हती. ती आटपाडीची. पाणी सांडलं तर तिची आई भांडं नव्हे, पोरीचा कान धरायची.

हणमंताशी लग्न होऊन गलाईच्या घरात येऊन तिला महिनाच झाला होता. लोकांचं जुनं सोनं-चांदी तेजाबात विरघळवून, त्यातला हिणकस भाग काढून, शुद्ध करून परत द्यायचं, हा सासरचा आजे-सासऱ्यांपासूनचा धंदा. पण मागच्या पडवीतल्या भट्टीकडे तिचं अजून फारसं जाणं झालं नव्हतं.

त्या सकाळी नळ आला तेव्हा मोरीच्या कडेला एक प्लास्टिकची बादली दिसली. तळाशी पाणी होतं, जरासं निळसर. कशाचं तरी धुवण असेल, असं तिला वाटलं. दुसरी कोणी असती तर तिनं ते मोरीत उपडं केलं असतं. वैजंताचा हात तसा वळेना. शेजारी तिचा माहेरचा तांब्याचा हंडा चिंच लावून लख्ख घासून पालथा घातलेला होता. तिनं तो सुलटा केला, बादलीतलं पाणी त्यात ओतलं, पडवी धुवायला होईल म्हणून, आणि बादली नळाखाली लावली.

बादलीत नळाचं पाणी पडलं आणि ते दुधासारखं झालं. तिनं हात घालून ढवळलं. दूधच.

"वैजंता," मागून सासऱ्यांचा आवाज आला, "हितली बादली कुठं गेली?"

आबांचा आवाज कधी चढायचा नाही. आत्ताही चढला नव्हता, पण त्यांच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"हीच की, आबा. पाणी भराय घेतली."

"आन् आतलं?"

तेवढ्यात पुढच्या दारातून खोकला ऐकू आला. पच्चैयम्मा आली होती. ही म्हातारी पलीकडच्या गल्लीतली, पायांतून आयुष्यभर पैंजण न काढलेली. नातीच्या लग्नासाठी तिनं ते काल पहिल्यांदा काढून आबांच्या हातात ठेवले होते. डाग देऊन देऊन त्यांच्यात चांदीपेक्षा जोडकामच जास्त झालं होतं. ते शुद्ध करून नातीसाठी नवे घडवायचे होते. बाजारात चांदी हवी तेवढी मिळते, पण म्हातारीला दुसरी नको होती. तिला तिच्याच आईची चांदी पोरीच्या पायात घालायची होती.

"सेट," ओट्यावर बसता बसता ती तमिळमध्ये म्हणाली, "पाय उघडे पडल्यापासून मला झोप नाही. चालले की वाटतं, कुणी दुसरीच बाई चाललीय."

"बस, आजी. पान खा," आबा म्हणाले आणि मोरीकडे वळून हळूच बोलले, "पोरी, ते पाणी नव्हतं गं. तिचे पैंजण होते त्यात, विरघळलेले. हणमंता तांब्याच्या पट्ट्या आणाय गेलाय, त्या टाकायच्या राहिल्या होत्या. मोरीत ओतलंस?"

"न्हाई. हंड्यात."

"कसल्या हंड्यात?"

"माझ्या. आईनं दिलेल्या. तांब्याच्या."

आबांनी डोळे मिटले. मग ते मोरीच्या कट्ट्यावर टेकले आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं.

"आधी त्याच्यात नळाचं थेंबभर पाणी पडू देऊ नगंस. नळाच्या पाण्यानं चांदी फाटून दूध होतंय, बादलीतल्यासारखं. ये, बघ."

हंड्याच्या लख्ख पोटावर आतून राखाडी लव उगवली होती, भिजल्या कापसासारखी. आबांनी काठीनं हलकेच डिवचली तशी ती सुटून तळाशी बसली. तिच्या जागी पुन्हा नवी धरू लागली. आणि पाणी मघापेक्षा कितीतरी निळं झालं होतं.

"ही चांदी," आबा म्हणाले. लहान पोराला अक्षर दाखवावं तसं त्यांनी बोट रोखलं होतं. "धातूधातूंचे स्वभाव असत्यात. कोण पाण्यात उतराय उतावळा, कोण संथ. चांदीपरीस तांबं उतावळं. तेजाबाच्या पाण्यात चांदी बसली असंल आन् तांबं दिसलं, की तांबं म्हणतंय, ऊठ बाई, मी बसतो. ते आत जातंय, ती बाहेर येती."

"आन् उलटं?"

"उलटं न्हाई व्हत. तांब्याच्या पाण्यात चांदी टाक, वरीसभर टाक. ढिम्म."

वैजंतानं निळ्या पाण्याकडे पाहिलं. हा रंग तिच्या ओळखीचा होता. शाळेत बाईंनी मोरचुदाच्या पाण्यात खिळा सोडला होता आणि दुसऱ्या दिवशी तो लाल निघाला होता. तेव्हा तिनं उत्तर पाठ केलं होतं, चांगले मार्कही पडले होते.

इतक्यात हंड्याच्या बुडाखाली एक निळा थेंब लोंबला. मग दुसरा.

"गेलं बूड," आबा म्हणाले. त्यांनी झटकन खाली कोरडं प्लास्टिकचं घमेलं सरकवलं. "पातळच होतं. चांदी हाय सगळी, त्याची काळजी नगं. पर तुझा हंडा..."

वैजंतानं नाक ओढलं. आईनं तो हंडा एसटीच्या टपावर ठेवू दिला नव्हता, मांडीवर धरून आणला होता.

ओट्यावरून पच्चैयम्माचा आवाज आला. "सेट, सुनेला रडवलंस काय?"

आबांनी तिला आत बोलावलं आणि घडलं ते तिच्या भाषेत सांगितलं, काही न लपवता. म्हातारी वाकून हंड्यात बघत राहिली. मग तिनं वैजंताचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांवर काळे डाग उमटायला लागले होते.

"हे कशानं?"

"चांदीच्या पाण्यानं. जातील आठवड्यात," आबा म्हणाले.

"माझ्या आईची चांदी हिच्या आईच्या हंड्यानं धरून ठेवली," म्हातारी म्हणाली. "नाहीतर गटारात नाचत गेली असती."

आबांनी ते वाक्य सुनेला मराठीत सांगितलं. वैजंतानं मान हलवली. पण तिचं लक्ष घमेल्यातल्या निळ्या पाण्यावर होतं.

"आबा, हंड्याचं जेवढं झिजलं, ते ह्या पाण्यातच हाय न्हवं?"

"हाय की."

"मग ह्यात लोखंड सोडलं तर?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या धंद्यात हे रोजचंच काम. पण हे कुणी त्यांना विचारलं की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा तो उजळला. "सांग, तूच सांग."

"लोखंड तांब्याहून उतावळं. ते आत जाईल. तांबं बाहेर येईल."

पच्चैयम्माला सगळं कळलं नसावं, पण लोखंड हवंय एवढं कळलं. आबा भंगाराच्या डब्याकडे वळले तर तिनं त्यांना अडवलं. "तुझं नको, सेट. थांब." ती अनवाणी, न वाजणाऱ्या पायांनी घरी गेली आणि विळीचं जुनं पातं घेऊन आली. धार झिजून ते बोटाएवढं उरलं होतं.

"ह्यावर मी चार पोरींच्या लग्नांचे नारळ खवले. आता तोंडात कवळी, विळीला सुट्टी. घाल त्यात."

चांदी आबांनी गाळून, धुऊन, मळ काढायला टाकणखार घालून भट्टीवर मुशीत आटवली. निळ्या पाण्यात ते पातं सोडलं, ते दुसऱ्या दिवशी लाल गाळात बुडालेलं दिसलं. पाण्याचा निळेपणा गेला होता, फिकट हिरवट उरला होता. हणमंतानं तो गाळ आटवून ठोकून त्याची एक चकती केली आणि कासाराकडून हंड्याच्या बुडाला बसवून, आतून कल्हई करून आणली. हंड्याच्या रंगाहून चकती जराशी वेगळी दिसत होती, पण थेंब गळत नव्हता.

लग्नाच्या दिवशी पच्चैयम्माची नात मुद्दाम त्यांच्या दारावरून चालत गेली. पैंजण नवे होते, आवाज बारीक. म्हातारी मागून नुसत्या पायांनी येत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ओट्यापाशी थांबून तिनं वैजंताच्या हातात केळीच्या पानात बांधलेला, गूळभातासारखा गोड पोंगल ठेवला.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं नेहमीचं विचारलं, "हंडा वापरतीस का, का ठेवलाय माळ्यावर शोभंला?"

वैजंतानं मोरीकडे पाहिलं. हंडा काठोकाठ भरलेला होता.

"वापरला, आये," ती म्हणाली. "लई कामाला आला. बस निवांत, सांगते."