पाणी चढेपर्यंत

खाट उतारावर कलली तशी हेन्रीने पुढचे दोन्ही पाय स्वतःच्या खांद्यांवर घेतले आणि मागे न बघता म्हणाला,

"हळू. बा घसरतोय."

मागचे दोघे शेजारी थबकले, पकड बदलून पुन्हा चालू लागले. खाटेवर हेन्रीचा बाप पॉल छातीवर मूठ दाबून पडला होता. तोंडाला घाम, ओठांचा रंग गेलेला. पेट्रिशिया, हेन्रीची बायको, खाटेच्या बाजूने चालत होती. तिच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात सासऱ्याच्या चपला. चपला कशाला उचलल्या, तिचं तिलाच कळत नव्हतं. घरी सासू आठ वर्षांच्या रीटाला, त्यांच्या मुलीला, कुशीत घेऊन क्रुसापुढे बसली होती. गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरने पॉलच्या जिभेखाली गोळी ठेवली होती आणि एवढंच सांगितलं होतं, की इथे थांबू नका, बोरिवलीला न्या.

बोरिवली समोरच होती. गोराईच्या धक्क्यावरून तिच्या नव्या इमारती स्पष्ट दिसत. एका गच्चीवर कोणी बाई सकाळचे कपडे वाळत घालत होती, तीसुद्धा दिसत होती. मधे फक्त खाडी होती, आणि खाडीत पाणी नव्हतं.

अवसेची ओहोटी होती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखालून काळा गाळ सुरू होत होता, तो पार तिवरांपर्यंत. होड्या गाळात कुशीवर पडल्या होत्या. अगदी मधे पाण्याची एक चिंचोळी पट्टी तेवढी चकाकत होती. फेरीची बोट चालवणारा दादू पायरीवर बिडी ओढत बसला होता. खाट बघून त्याने बिडी विझवली.

"दादू, बोट काढ," हेन्री म्हणाला.

दादूने आधी पॉलकडे पाहिलं, मग खाडीकडे.

"आता घातली तर मधेच बसल. मंग ना हिकडं ना तिकडं."

"पाणी चढायला किती वेळ लागेल?"

"पानी फिरलंय. पन चरायला दोन तास तरी."

दुसरी वाट होती ती उत्तनवरून भाईंदरची, लांबची आणि खडबडीत. आणि गावातला एकुलता एक टेम्पो भाजी घेऊन पहाटेच त्या वाटेने गेला होता. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोललं नाही. खाट धक्क्यावर टेकवली. शेजाऱ्यांनी कपाळं पुसली आणि मग सगळे, ठरवल्यासारखे, हेन्रीकडे बघू लागले.

गावात हेन्रीला विमानवाला म्हणत. सांताक्रूझला विमानांच्या इंजिनांवर काम करता करता तो जुहूच्या फ्लाइंग क्लबात उडायला शिकला, आणि लग्नानंतर एका मिशनच्या फादरांबरोबर पापुआ न्यू गिनीच्या जंगलात गेला. तिथल्या डोंगरांत अशी गावं होती, की जिथून जवळच्या इस्पितळात पायी जायला आठवडा लागे. हेन्री आपल्या छोट्या विमानात तिथे मीठ, औषधं, शाळेचे फळे, कोंबड्यासुद्धा नेई, आणि येताना आजारी माणसं आणी. नऊ वर्षं तो हेच करत होता. बाळंतपणात अडलेल्या बाया, झाडावरून पडलेली माणसं, साप चावलेली पोरं. गोराईत हे सगळं लोक सणासुदीला एकमेकांना सांगत.

त्यातला पेट्रिशियाचा भाग कोणी सांगत नसे, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. धावपट्टीच्या कडेला त्यांचं लाकडी घर होतं, स्वयंपाकघरात रेडिओचा संच होता. पेट्रिशिया विमानात बसणाऱ्यांना काट्यावर तोलायची, पोत्यांची वजनं घ्यायची, रीटाला पाटीवर बाराखडी गिरवायला द्यायची आणि डोंगरावर ढग कुठवर आलेत ते रेडिओवरून नवऱ्याला सांगायची. मग थांबायची.

गेल्या वर्षी एका दुपारी रेडिओ अचानक मुका झाला. विमान दिसेना, आवाज येईना. गावातल्या बाया न बोलावता येऊन तिच्या पायरीवर बसल्या. त्यांच्यात तशी रीत होती, मयताच्या घरी असंच बसतात. संध्याकाळी हेन्री पायी आला. दुसऱ्याच पट्टीवर उतरला होता, संच बिघडला होता. जेवताना तो हसून म्हणाला, "घाबरलीस काय?" तिने नाही म्हणून मान हलवली आणि त्याला भात वाढला.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांच्या सुट्टीवर गोराईला आल्यावर एका संध्याकाळी, पॉल ओटीवर जाळं सांधत बसला असताना, त्याला सांगून टाकलं. रीटाच्या शाळेचंही बोलली. आता पाटीवर भागणार नव्हतं. एकतर पोरीला इथे ठेवायचं, नाहीतर तिकडे दूर बोर्डिंगात. पॉलने सगळं ऐकून घेतलं. जाळ्यातली सुई चालूच होती.

"मी बोलन त्याच्याशी," तो शेवटी म्हणाला. "हितंच ऱ्हा म्हनन. माजं आयकल."

मग गावची जत्रा आली, मग पाहुणे आले, मग घराची कौलं बदलायची निघाली. पेट्रिशिया रोज वाट बघायची. बापलेक ओटीवर बसले की ती आतून कान द्यायची. ते खाडीतल्या मासळीबद्दल बोलायचे. परतीची तिकिटं पुढच्या आठवड्याची होती.

हेन्री धक्क्यावर नुसता उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. कधी कमरेवर, कधी खाटेच्या लाकडावर. एकदम तो पायऱ्या उतरला.

"ती लहान होडी गाळावरून ओढत नेऊ. मधल्या पाण्यापर्यंत. चला."

"हेन्री, गाळात पाय जाल," दादू म्हणाला.

हेन्री उतरला होता. पहिल्या पावलाला पोटरी गेली, चौथ्याला मांडी. त्याने होडीच्या काठाला हात घातला आणि सगळं बळ लावलं. होडी हलली नाही, उलट हेन्रीच आणखी खाली गेला. दादू आणि शेजारी दोरी शोधायला धावले.

खाटेजवळ पेट्रिशिया एकटी राहिली. पॉलने डोळे उघडले.

"कुठं गेला?"

"होडी बघतोय, बा. तुम्ही बोलू नका."

"सांगायचं व्हतं त्याला." तो थांबला, श्वास जमवला. "ऱ्हायलं. मीच रोज म्हनायचा, उद्या." त्याची बोटं तिच्या मनगटावर आली. गार होती. "तू सांग. मी म्हटला म्हनून सांग. बा म्हनला, ऱ्हा."

"तुम्हीच सांगाल, बा. येतोय तो."

"पानी दे जरा."

तिने बाटली लावली. थोडं आत गेलं, थोडं गळ्यावर ओघळलं. तिने ते पदराने टिपलं.

हेन्रीला ओढून काढला तेव्हा तो छातीपर्यंत काळा झाला होता. तो खाटेशी येऊन गुडघ्यांवर बसला. गाळ त्याच्या कोपरांवरून ठिबकत होता. बापाला हात लावायला तो पुढे झाला आणि आपले हात बघून तसाच थांबला. पॉलनेच त्याचा तो हात धरला.

आता बोलेल, पेट्रिशियाला वाटलं. आणि हा माणूस असा पडलेला असताना आपण याच्या तोंडून तेच वाक्य यायची वाट बघतोय, म्हणून तिने मान खाली घातली.

"त्या डोंगरावर तू उतरतंस कसा?" पॉलने विचारलं. "कवा नीट सांगितला नायस."

"बा, आता नको."

"पानी चरतंय तवर सांग."

हेन्रीने एकदा खाडीकडे पाहिलं. मग सांगू लागला. सुरुवातीला शाळेत उभं केल्यासारखा, अडखळत.

"पट्टी सपाट नाही, बा. डोंगराच्या उतारावर आहे. खालच्या टोकाला नदीची दरी, वरच्या टोकाला कडा. दरीकडून यायचं आणि चढावर टेकायचं. चढ असतो म्हणून विमान आपोआप थांबतं. निघताना त्याच उतारावरून खाली सुटायचं."

"वारा?"

"सकाळी पडलेला असतो. ऊन वर आलं की दरीतून फिरतो, ढग घेऊन. तो फिरायच्या आत उतरायचं."

"आन नाय जमलं तर?"

"एका वळणापर्यंत परत फिरता येतं. तिथून पुढे नाही. समोर कडा असतो."

आयुष्यभर पॉल याच किनाऱ्यावरून होडी घालत आला होता.

"लाटंवर होरी घालताना पन तसंच," तो म्हणाला. "घातली की घातली."

"हो, बा. तसंच."

हेन्रीचा आवाज आता मोकळा झाला होता. ते वळण कसं, नदीवरचा पांढरा दगड डाव्या पंखाखाली आला की काय करायचं, पट्टीवरची डुकरं पोरं कशी हाकलतात, हे तो सांगत गेला. मातीने माखलेला हात हवेत सपाट धरून त्याने विमान वळवून दाखवलं, खाली आणलं, खाटेच्या लाकडावर टेकवलं. पॉल त्या हाताकडे बघत होता. पेट्रिशिया पॉलकडे बघत होती. दुखणं तसंच होतं, मूठ छातीवर तशीच होती. पण चेहऱ्यावर जे होतं ते तिने आजवर या म्हाताऱ्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. पहिल्या मोठ्या मासळीला पोराने हात घातला की बापाचा चेहरा होतो तसा.

मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता तरी, असं तिला वाटलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याने डोळे मिटून घेतले.

"अजून सांग," तो हेन्रीला म्हणाला.

हेन्री सांगत राहिला. गाळातल्या भेगांमधून पाणी आलं, एकेक होडी सरळ झाली. दादूने हाक दिली तेव्हा खाट उचलून बोटीत ठेवली. इंजिन एका फटक्यात चालू झालं. पलीकडे पोचायला जो काही वेळ लागला तेवढ्यात पॉल गेला. प्राण नक्की कधी गेला ते कोणाला कळलं नाही. बोरिवलीच्या धक्क्यावर रिक्षावाला वाकून आत बघत होता आणि हेन्री बापाच्या कानाशी अजून काहीतरी सांगत होता. पेट्रिशियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

पॉलला चर्चमागच्या दफनभूमीत ठेवलं. सारा गाव आला. फादरांनी मिशनला तार केली, तिकिटं पुढे गेली.

त्यानंतर हेन्री रोज पहाटे उठून धक्क्यावर जाऊ लागला. दादू सांगायचा, येतो आणि पायरीवर बसतो. घरी आला की ओटीवर बसायचा, कौलांचं अर्धवट काम पुरं करायचा. एकदा पेट्रिशियाने त्याला बापाची जाळ्याची सुई हातात घेऊन बसलेलं पाहिलं. सांधायचं कसं ते त्याला येत नव्हतं. सासू एरवी सडेतोड बाई, पण तिनेही त्याला राहा किंवा जा असं काही म्हटलं नाही. ताटात वाढायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहायची.

मिशनकडून पुन्हा विचारणा आली, तेव्हा दुपारी त्याने माळ्यावरून ट्रंक उतरवली. तिघांचे कपडे भरायला घेतले. पेट्रिशिया दाराशी उभी होती. आत भरता भरता तो पाठमोराच म्हणाला,

"बाला मला काहीतरी सांगायचं होतं. आपण आल्यापासून. मला कळत होतं, पण मीच विषय काढत नव्हतो." त्याने एक सदरा उलगडला, पुन्हा घडी केली. "मी गाळात उतरलो होतो तेव्हा तुला काही बोलला?"

पेट्रिशियाने चौकटीला हात टेकला. वाक्य तयार होतं, खरं होतं, आणि तिच्यासाठीच ठेवलेलं होतं. तेवढं उच्चारलं असतं तर ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली असती. पण तिच्या डोळ्यांपुढून म्हाताऱ्याची ती शेवटची नजर हलत नव्हती, आणि ती नजर काय म्हणत होती ते आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. हेन्री वळला होता. जे सांगशील ते ऐकेन, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. बाप सांगून गेला म्हणून तो राहिला असता. जन्मभर राहिला असता, रोज पहाटे धक्क्यावर जाऊन.

"पाणी मागितलं," ती म्हणाली.

"दिलंस?"

"दिलं."

त्याने मान डोलावली.

पेट्रिशिया आत आली, ट्रंकेपाशी बसली. रीटाचे फ्रॉक एकेक करून बाहेर काढले आणि कपाटातल्या खालच्या फळीवर ठेवले. शेवटचा फ्रॉक ठेवून तिने फळी सारखी केली. मग तिने पुन्हा ट्रंकेत हात घातला आणि तळाशी गेलेल्या स्वतःच्या साड्याही बाहेर काढू लागली.

मागाहून परत भरायचे आपले सदरे उचलून हेन्रीने बाजूला घेतले आणि ट्रंक तिच्याकडे सरकवली.