दहाचा घात

आईला गणिताचं भय नव्हतं. भय होतं ते एका शब्दाचं.

नवजात बाळांच्या वॉर्डात ती आया होती. काचेच्या पेट्यांत वीतभर बाळं निजलेली, नि त्यांच्या माऊल्या दाराशी जीव मुठीत धरून उभ्या. अशा ठिकाणी जिभेला वळण लागतं. तिथे बल्ब गेला तरी ‘झोपला’ म्हणायचं. आणि आता आठवीच्या परीक्षेला बसावं, तर पुस्तकात धडाच निघाला घातांकांचा! पास झाली तर नर्सच्या मदतनिसाचं शिक्षण मिळणार, बाळांना हातात घेता येणार. नाहीतर जन्मभर फरशी नि बादली.

“म्हण, दहाचा तिसरा घात,” लेक म्हणाली. ती नववीत, घरात तिला मास्तरीणबाई म्हणत.

“दहा जणांचा जीव घ्यायचा नि वर मोठ्यानं सांगायचं? तेही तिन्हीसांजेला? मी आपली पायरी म्हणेन. दहाची तिसरी पायरी. झाले हजार.”

“बरं बाई, पायरी. मग उणे तिसरी?”

लसूण सोलता सोलता आईनं ठोकून दिलं, “लाख!”

“लाख कुठून आले?”

“उणे म्हणजे ते अरिष्ट टळलं ना! मग भरभराटच व्हायची.”

लेक हसून हसून लसणाच्या सालींवर आडवी झाली. “अगं आई, उणे म्हणजे एकाच्या खाली उतरायचं. दहावा भाग, शंभरावा, हजारावा.”

आईचे हात थांबले. “उतरत उतरत शून्यात जायचं?”

“कधीच नाही. कितीही उतर, काहीतरी उरतंच.”

आईच्या डोळ्यांपुढं पेट्यांतली पोरं आली. इतकुसा श्वास, पण श्वासच की! देवाच्या लेखी कुणी शून्य नाही, हे ती ऐकत आली होती. गणितही तेच गातंय म्हटल्यावर तिला उतरायची गोडीच लागली. मिठाचा कण म्हणू नका, केसाची जाडी म्हणू नका, सगळं तिनं दहाच्या पायऱ्यांवर बसवलं. लेखी परीक्षा सुखरूप पार पडली. राहिली तोंडी.

परीक्षक बाईंनी केसाचीच जाडी विचारली: ०.००००७ मीटर. आईनं फळ्यावर मांडलं, ७ × १०⁻⁵.

“वाचा.”

“सात गुणिले दहाची उणे पाचवी... पायरी.”

“पायरी? पुस्तकात काय शब्द आहे?”

आईनं खडू खाली ठेवला. “तो वाईट आहे.”

“शब्दच येत नसेल तर गुण कसे देऊ मी?”

हातातोंडाशी आलेलं निसटताना पाहून आईला राहवलं नाही. “न यायला काय झालं, बाई? आमच्या वॉर्डात पेटीपेटीत जीव टांगलेला, म्हणून जीभ अडते. नाहीतर दहाचा घात म्हणजे दहाला दहानं गुणत जायचं, उणे घात म्हणजे भागत जायचं, त्यात कुणाचा घात होत नाही, एवढं कळतं मला!”

“तीनदा म्हणालात,” बाई म्हणाल्या.

आईनं तोंडावर हात ठेवला. बाहेर पोरं खेळत होती, तशीच खेळत राहिली. बाईंनी पैकीच्या पैकी गुण लिहिले, मग पेन ठेवून हळूच विचारलं, “केवढी असतात हो ती बाळं?”

आईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. “एवढी. आता धरायला शिकणार आहे मी.”