बुटांचं लग्न

गावात दोनच प्रकारचे रस्ते होते. एक चढाचे. दुसऱ्यांना लोक उताराचे म्हणत, पण परत येताना तेही चढाचेच निघत. अशा गावात खांद्यावर कॅमेरा, पाठीवर तिकाटणं आणि दोन्ही काखांत एकेक बॅटरी घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे शूटिंगवाला. बॅटऱ्या काखेत, कारण थंडीत त्या उघड्यावर ठेवल्या की दहा मिनिटांत माना टाकत. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण तर त्याने बॅटरीपायी कितीदा तरी शब्दशः जगून दाखवली होती.

काम बरं चालायचं. लग्नं, निरोपसमारंभ, विम्यासाठी म्हशीची चारही बाजूंनी फिल्म. अडचण फक्त धुक्याची. एकदा एका वरपित्याने हट्ट धरला की कम्प्युटरवर धुकं पुसून द्या. शूटिंगवाल्याने महत्प्रयासाने पुसलं, तर मागे वरपक्षातलेच दोन काका एकमेकांची गचांडी धरून उभे. मग तितक्याच कष्टाने धुकं परत घालावं लागलं.

सासऱ्यांना हा धंदाच मान्य नव्हता. त्यांचं खिळ्यांचं आणि कुलपांचं दुकान होतं, आणि जे तराजूत पडत नाही तो माल नव्हे, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

"जावईबापू, तुमच्या धंद्यात माल असतो कुठे?" एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं.

"कार्डात असतो, बाबा." शूटिंगवाल्याने नखाएवढं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. सासऱ्यांनी चुकीच्या मापाच्या वॉशरकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"भरलेलं आहे की रिकामं?"

"भरलेलं. एक अख्खं लग्न आहे त्यात."

"आणि रिकाम्याचं वजन?"

"तेवढंच."

"हं," सासरे म्हणाले. त्या 'हं'मध्ये जावयाच्या आयुष्याचा निकाल होता.

तो निकाल त्यांनी धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा उघड वाचून दाखवला. "धाकटीची फिल्म तुम्हीच करा. ती बघून हिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर कॅमेरा माळ्यावर आणि तुम्ही कुलपांच्या काउंटरवर. कबूल?"

'ही' म्हणजे सासूबाई. या बाईंनी कांदा चिरायला घेतला तर कांदाच रडेल, अशी त्यांची ख्याती. स्वतःच्या लग्नात निरोपाच्या वेळी सगळी बायकामंडळी हुंदके देत असताना त्यांनी आईला विचारलं होतं, "उद्यापासून दूध कमी घ्यायला सांगितलंस ना?"

"कबूल," शूटिंगवाला म्हणाला. नाही म्हणायची सोय असती, तर ते सासर कसलं?

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये अशी थंडी होती की बोलणाऱ्याच्या तोंडून आधी वाफ यायची आणि मग मुद्दा. समारंभ सुरू व्हायच्या आधी सासऱ्यांनी माइक हातात घेतला. "कोणीही मोबाइल बाहेर काढायचा नाही. घरचा जावई शूटिंग करतोय. एकच फिल्म होईल, ती नीट होईल." एवढं बोलून त्यांनी जावयाकडे बघितलं. पाहुण्यांनी मुकाट्याने मोबाइल खिशात घातले. बाहेर हात काढायला कोणी तयार नव्हतंच.

शूटिंगवाल्याने लोकरीचे जाड हातमोजे घातले होते. कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर त्याने काळी पट्टी चिकटवलेली होती, कारण लाल दिवा दिसला की या गावातली माणसं पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ होत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्याच्याच श्वासाची वाफ बसलेली. चौकटीत माणसं आहेत एवढं कळत होतं. कोपऱ्यातला रेकॉर्डिंगचा ठिपका पेटलाय की विझलाय, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दारातच त्याने बटण दाबलं. मोज्यातून काही लागलंसं वाटलं नाही, म्हणून पुन्हा एकदा दाबलं. आणि निश्चिंत मनाने लग्नात शिरला.

दिवसभर तो देवासारखा राबला. खुर्चीवर चढला, टेबलाखाली बसला, नवऱ्याच्या आत्याला प्रेमाने बाजूला सारलं. असं शूटिंग आपण आयुष्यात केलं नाही, असं त्याला वाटत होतं. ते खरंच होतं. त्याने ते केलं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत, पायाखालची फरशी छान गरम असताना, त्याने कार्ड लावलं. पहिल्या तुकड्यात फरशी, टेबलाचा पाय आणि बूट. दुसऱ्यात बूट. तिसऱ्यात बरेच बूट. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात कॅमेरा त्याच्या हाताला उलटा लोंबकळत होता आणि प्रत्येक तुकडा त्याच्याच उत्साही आवाजाने संपत होता, "चला, आता महत्त्वाचं! सगळे इकडे बघा!" की कट्.

दारातल्या दोन दाबांनी घात केला होता. पहिल्याने कॅमेरा सुरू झाला होता आणि दुसऱ्याने बंद. त्यानंतर दिवसभर कॅमेरा उचलला की बंद, खाली सोडला की चालू.

बायको चहा घेऊन आली. तिने बराच वेळ पडद्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"लग्न."

"कोणाचं? बुटांचं?"

त्याने सगळं सांगितलं. ती हसली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

"कार्ड हरवलं म्हणून सांगू?"

"सांग. बाबा दुकान बंद करून शोधायला येतील. गेल्या वर्षी एक बिजागरी हरवली होती, तर त्यांनी मोरी उकरली होती."

"मग काउंटरवरच बसतो. कुलपं तरी हलत नाहीत."

"अरे, रडतोस काय? आहे ते जोड. दिवसभर उपाशी राबलास ना? मग जे झालंय ते दाखव. हातात काहीच नाही म्हणण्यापेक्षा बूट बरे."

त्याने जोडलं. आणि एकदा जोडायला बसल्यावर त्याच्यातला कलावंत गप्प बसेना. त्याने बुटांचे रंग खुलवले, चपलांमागे हळुवार बासरी घातली. शेवटी एक सुंदर तुकडा होता. हॉलच्या मागच्या बाजूला खोक्यावर कॅमेरा ठेवून तो स्वयंपाकघरात हात शेकायला गेला होता, तेव्हाचा. भिंतीकडे तोंड केलेले तपकिरी बूट आणि तिरपं ऊन. कोणीतरी पुटपुटत होतं, "एक… दीड… दोन… अडीच…" आचारी काहीतरी मोजत असावा. ऊन फारच छान पडलं होतं, म्हणून त्याने तो तुकडा शेवटी घेतला.

रविवारी दुपारी सासऱ्यांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. सासरे खुर्चीत, सासूबाई कॉटवर, मेहुणी आणि नवा साडू चटईवर. शूटिंगवाल्याने घसा साफ केला. "ही फिल्म जरा वेगळ्या अंगाने—"

"लावा," सासरे म्हणाले.

टीव्हीवर फरशी आली. फरशीवर बूट आले. खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा संकोचलं. शूटिंगवाल्याला डोळ्यांसमोर कुलपं दिसू लागली. मोठी, मधली, लहान.

"हे हेडमास्तर," सासूबाई अचानक म्हणाल्या.

"कोण?"

"हे काय, डावी टाच झिजलेली. आणि ती त्यांच्यामागून निळ्या पट्ट्याची, ती पोस्टातली."

शूटिंगवाला बघतच राहिला. गावात सगळे चालताना खाली बघतात, हे त्याला माहीत होतं. समोर बघणारा माणूस इथे पुढच्याच पावलाला खालच्या आळीत पोचतो. पण उभा जन्म खाली बघून बघून ही मंडळी एकमेकांना तोंडापेक्षा बुटांनीच जास्त ओळखतात, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वर बघायचा धंदा गावात त्याचा एकट्याचाच.

"थांबवा, थांबवा! मागे घ्या," मेहुणी ओरडली. "पोस्टातली कुठे चालली? ते कंपाउंडरचे बूट ना?"

"त्याचेच," बायको म्हणाली. "मघाशी खांबाजवळ होते. आता अर्ध्या वाटेवर आलेत."

पुढच्या तुकड्यात निळ्या पट्ट्याची चप्पल आणि कंपाउंडरचे बूट एकमेकांसमोर उभे होते, आणि चप्पल स्वतःच्याच दुसऱ्या चपलेवर लाजून पाय घासत होती.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "आणि तिची आई मला म्हणते, मुलगी कोणाकडे बघतच नाही."

"बघत नाहीच आहे. खालीच बघतेय," साडू म्हणाला. तेवढ्यात टीव्हीवर त्याचे स्वतःचे पाय आले. एक मोजा काळा, एक हिरवा.

"तू लग्नात दोन रंगांचे मोजे घातले होतेस?" मेहुणीने विचारलं.

"घरी असाच अजून एक जोड आहे," साडू प्रामाणिकपणे म्हणाला.

मग दातांचे डॉक्टर आले. त्यांनी टेबलाखाली बूट काढले, बोटं मोकळी केली, आणि भाषण संपल्यावर चाचपडत चाचपडत शेजारी काढून ठेवलेल्या हेडमास्तरांच्या बुटांत पाय घातले. हेडमास्तरांचे पाय गोंधळले. थोडा वेळ त्यांनी हवेत शोध घेतला, आणि शेवटी नाइलाजाने डॉक्टरांच्या बुटांत, पण उलटसुलट, शिरले.

"म्हणून!" सासूबाईंना शब्द फुटेना. "म्हणून हेडमास्तर स्टेजवर… बदकासारखे… मला वाटलं गुडघा!" आणि त्या कॉटवर आडव्या झाल्या. हसता हसता त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बायको ताडकन उठली. "बाबा! पाणी! बघा, पाणी आलं!"

"हे धरायचं नाही," सासरे म्हणाले.

"का नाही? डोळ्यांत पाणी आलं तर, असं म्हणाला होतात. कसलं पाणी ते नव्हतं ठरलं."

"कुलूप किल्लीने उघडलं तर उघडलं म्हणतात. हातोडीने उघडलं तर फोडलं म्हणतात. ही हातोडी आहे." त्यांनी जावयाकडे वळून बघितलं. "फिल्म मजेची आहे, जावईबापू. पण ठरलं ते ठरलं. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी या."

शूटिंगवाल्याने मान डोलावली. व्यवहार म्हणून बघितलं तर सासऱ्यांचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त लागत होतं. टीव्ही बंद करायला तो रिमोट शोधू लागला. रिमोट साडूच्या मांडीखाली होता, आणि साडू उठेपर्यंत शेवटचा तुकडा सुरू झाला.

तिरपं ऊन. भिंत. भिंतीकडे तोंड केलेले तपकिरी बूट.

कोणी हसलं नाही. सासूबाईसुद्धा उठून बसल्या. त्या बुटांच्या टाचांवर पितळी डोक्याचे खिळे ओळीने ठोकलेले होते, आणि असे खिळे स्वतःच्या टाचेला स्वतः ठोकणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता. बाहेरून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता, कोणीतरी "चला, निघायची वेळ झाली" म्हणत होतं. टाचा जराशा वर उचलल्या जात, थरथरत, पुन्हा खाली येत. आणि बासरीच्या मागून आवाज येत होता, "एक… दीड… दोन… अडीच… एक… दीड…"

शूटिंगवाल्याच्या आता लक्षात आलं की आचारी खिळ्यांची मापं मोजत नसतो.

"तुम्ही जनरेटर बघायला गेला होतात," सासूबाई म्हणाल्या.

"गेलोच होतो."

"जनरेटर पुढच्या अंगाला होता."

सासऱ्यांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. मेहुणी चटईवरून सरकत सरकत त्यांच्यापाशी गेली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.

"बाबा, अडीचच्या पुढे काय येतं?"

"तीन," सासरे म्हणाले. आणि मग, भाव सांगताना कधी न अडखळणारा त्यांचा आवाज अडखळला. "पण तिथवर जमेना."

"मी चहा टाकते," म्हणून सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. आतून ना गॅस पेटल्याचा आवाज आला, ना कपांचा.

बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो जागचा हलला नाही. सासूच्या डोळ्यांत डोकवायला आत जाणं जावयाला शोभत नाही, आणि न जावं तर उद्यापासून कुलपं. शेवटी सासरेच उठले. करार त्यांचा, तपासणीही त्यांचीच.

ते आत गेले. कुजबुज ऐकू आली, मग तीही थांबली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या स्वेटरचा उजवा खांदा चिंब ओला होता.

"नळाचं पाणी उडालं," ते म्हणाले.

कोणी काही विचारलं नव्हतं.

ते खुर्चीत बसले. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मेहुणीकडे बघितलं, आणि मग मालाची तक्रार खरी निघाल्यावर दुकानदार बघतो तसं जावयाकडे बघितलं.

"काउंटरवर मी दुसरा माणूस बघतो."

"हो, बाबा."

"आणि तो शेवटचा भाग काढून टाका. भिंतीचा."

"हो, बाबा."

"काढलात तर याद राखा!" आतून सासूबाईंचा आवाज आला. तो जरा भरलेला होता, पण धमकी नेहमीचीच होती.

शूटिंगवाल्याने एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"हो, आई," तो म्हणाला.