माझे तिरके दार

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. जाड पत्र्याचा, चार पायांचा, पोटात दोन खण आणि खाली कोळशाचा कप्पा असलेला. पण शिरगावात मला ओव्हन कुणीच म्हणत नाही. इथे मी 'पेटी'. आधी मला या नावाचा भारी राग यायचा. पेटीत वस्तू कोंडतात आणि विसरून जातात. माझ्या पोटात तर पाव फुगतात! पुढे मात्र असे दिवस आले की हेच नाव मला शोभते, असे माझे मलाच वाटू लागले.

माझा जन्म मुंबईच्या एका लहानशा कारखान्यातला. ज्या कारागिराने मला दार बसवले, त्याने ते एकदा लावून पाहिले. 'खट्' असा एकच आवाज झाला आणि त्याने समाधानाने मान हलवली. त्या आवाजाची मला फार घमेंड होती. पुढे तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले आणि एका ठेकेदाराच्या कँटीनसाठी मला तिकडे नेले. काम इतके, की गंजायला फुरसत नव्हती. कुणी पंजाबी, कुणी मद्रासी, कुणी शेजारच्या कुंभवलीचा. सगळे माझ्या पावासाठी रांगेत उभे. आचारी धर्माजी मला रोज पुसायचा आणि कामगारांना कौतुकाने सांगायचा, "इसका दरवाजा देखो, हवा भी पूछ के अंदर जाती है."

पण ठेकेदाराचे काम संपले, कँटीन मोडले आणि मला ताडपत्रीखाली टाकून दिले. तिथून मला नामदेवने विकत घेतले. नामदेव शिरगावचा मच्छीमार. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या, की तो तारापूरला मजुरीला यायचा. पाऊस सरल्यावर त्याने मला बैलगाडीत घातले आणि हाडे खिळखिळी करत घरी आणले.

त्याने मला का आणले, ते घरात शिरताच समजले. भिंतीला टेकून, एक पाय लांब करून त्याची बायको हंसा बसली होती. आदल्या वर्षी बंदरावरच्या ओल्या दगडावरून ती मासळीच्या टोपलीसकट घसरली. पाय मोडला, आणि बसला तो वाकडाच. पूर्वी तीच पालघरच्या बाजारात मासळी विकायची. आता तिची सासू मैनाबाई टोपली घेऊन जाई. घरात सुकी मासळी असायची आणि कुत्र्यामांजरांना हाकलायला हंसाला पटकन उठता येत नसे. म्हणून मैनाबाई जाताना बाहेरून कडी घालायची. तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण कडी पडली की आत अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात हंसा आणि मी.

"हिच्यात नानकटाई भाज," नामदेव तिला म्हणाला. "बाया घरी येतील. तुला कुटं जायला नको."

आमच्याकडे लग्नकार्य असले की बायका मैदा, साखर, तूप घेऊन पालघरच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. हंसाही कितीदा गेली होती. त्यामुळे तिचा चेहरा जरा उजळला. पण माझे दार लावायला गेली, तर ते लागेच ना! वरचा कोपरा चौकटीला अडायचा आणि खाली बोटभर फट राहायची. सगळी धग त्या फटीतून बाहेर. पहिली नानकटाई मागून करपली, पुढून कच्ची राहिली. गाडीच्या धक्क्यांनी बिजागरी वाकली, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. नामदेवने हातोडी घेतली आणि मला बडवले. मित्रांनो, ज्या दाराची मला घमेंड होती त्यावरच मार बसत होता आणि मला ओरडताही येत नव्हते.

अशात शेजारची शकू आली. तिच्या सुलूचे लग्न ठरले होते. रुखवतात ठेवायला नानकटाई हवी होती.

"तुज्याकडं भट्टी हाय, मंग मी पालघरला कशाला जाऊ?" शकू म्हणाली.

हंसा 'हो' म्हणून बसली. मैनाबाईला हे कळले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "पोरीचं रुखवत बिघडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाय. मग ही पेटी भंगारात, आन् तू गप बसायचं. समजलीस?"

हंसाला चांगलेच समजले होते. मलाही. मी भंगारात जाणार आणि ती कडीच्या आत राहणार.

लग्नाच्या आदल्या दिवशी शकूने पीठ मळून दिले. नामदेव म्हणाला, "फट हाय ना? मग बुजवायची. हाय काय त्यात?" बोटीच्या फळ्यांमधून पाणी येऊ नये म्हणून फटीत तेलाचा कापूस ठोकतात आणि वरून राळ लावतात. या कामात त्याचा हात कुणी धरला नसता. हंसाने अर्धी नानकटाई माझ्या पोटात ठेवली, दार ढकलले आणि त्याने फट अशी मस्त बुजवली की विचारू नका.

"अवो, पण ही काय बोट हाय का?" हंसाने विचारलेसुद्धा.

"तू बघ तर!"

समुद्राचे पाणी थंड असते, मित्रांनो. मी तापलो आणि राळ वितळली, कापूस धुमसू लागला. घर धुराने भरले. नामदेवने घाबरून निखारे बाहेर ओढले, पण तोवर राळ चौकटीत उतरून चिकटली होती. दार ओढले, हलवले, लाथ मारली. उघडेना. आत नानकटाई करपत होती आणि मला ती बाहेर टाकता येत नव्हती. इतका असहाय मी कधीच नव्हतो. शेवटी छिन्नीने दार निघाले, तेव्हा आत कोळसेच होते.

"झालं समाधान?" मैनाबाई म्हणाली. "उद्याच भंगारवाल्याला बोलवा."

नामदेव मान खाली घालून उभा राहिला.  मी निवल्यावर हंसा जमिनीवर पाय पसरून बसली आणि माझ्या कडांवरची राळ खरवडू लागली. तेव्हा तिला दिसले. मघाच्या धावपळीत पातेल्यातून सांडलेले तूप सारवलेल्या जमिनीवरून सरळ माझ्याखाली ओघळले होते आणि मागच्या एका पायाशी साचले होते. तो पाय मातीत रुतला होता. उभ्या माणसाला ते दिसलेच नसते.

"अवो," ती म्हणाली, "बोट वर ओढली, आन् एका अंगाचा टेकू खचला, तर काय होतं?"

"अंग पिळवटतं तिचं. फळ्या उघडतात."

"मग पेटीचा एक पाय खचलाय तो बघा."

नामदेव वाकला, पाहिले आणि धावतच बाहेर गेला. जुन्या बोटीच्या फळीचा तुकडा घेऊन आला. त्याने मला पहारीने उचलले आणि हंसाने फळी सारली. मैनाबाई दाराशी उभी होती. तिलाही राहवले नाही. "आनखी थोडी... थांब, पुरे!"

हंसाने दार लावले. खट्!

तो आवाज ऐकून मला रडू आले असते, पण ओव्हनला रडता येत नाही. उरलेली नानकटाई अशी भाजली गेली, की सुलूच्या रुखवतात तिची ताटे कमी असूनही सगळ्यांची नजर त्यांच्यावरच. दुसऱ्याच दिवशी एक बाई मैद्याचा डबा घेऊन आली. मग दुसरी आली. मैनाबाई टोपली डोक्यावर घेऊन निघाली, सवयीने कडीला हात लावला आणि थांबली.

"लोकं येतील, ऱ्हाऊ दे उघडं," ती म्हणाली. "सुकी मासळी मी माळ्यावर टाकलीय."

हंसाचा पाय काही बरा झाला नाही. ती बाजारात जात नाही, आणि मी तर या कोपऱ्यातून हलूच शकत नाही. पण काम संपले की ती माझे दार उघडे ठेवते. खाऱ्या दमट हवेत कोंडून ठेवले तर मी आतून गंजेन, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातले एखादे दार लागत नसेल तर त्याला बडवू नका. ते कशावर उभे आहे, ते आधी खाली बसून बघा. आणि घरात कुणी माणूस असेल, तर जाताना बाहेरून कडी घालू नका.