कार्डावरचा फोटो

ईमरनं बाहीनं लेन्स पुसली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि चरफडली. काचेवर पुन्हा खारट शिंतोडे.

"झालं का गं तुझं?" धक्क्याच्या पायऱ्यांखालून, गळ्याएवढ्या पाण्यातून अट्रॅक्टामावशी ओरडली. "माझे पाय आहेत की गेले तेही कळत नाहीये मला!"

"तोंड मिटून हस ना जरा. दर वेळी किंचाळल्यासारखी दिसतेस."

"किंचाळतेच आहे मी. जानेवारी आहे!"

ही पाचवी सकाळ. एक धुक्यानं खाल्ली, एक पावसानं. तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी ओलं कुत्रं नेमकं मध्ये येऊन उभं राहिलं. काल उजेड छान होता, तर मावशीचे डोळे मिटलेले. नऊला ऊन टेकडीवरून खाली उतरायचं, दहा मिनिटं टिकायचं, आणि साडेनऊला ईमरला औषधाचं दुकान उघडायचं असायचं. उद्या मावशी गॉलवेच्या इस्पितळात जाणार होती. परवा पोटाचं ऑपरेशन.

गावात माणूस गेलं की महिन्यानं चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होते आणि त्याचा फोटो छापलेलं छोटं कार्ड घरोघर जातं. मावशीचे यजमान ख्रिस्टीकाका गेले, तेव्हा घाईघाईत लग्नातला एक फोटो कापून दिला, तर खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला. आठ वर्षं झाली, लोक अजून मावशीला विचारतात, हात कुणाचा?

"माझ्या कार्डावर परका हात नको," मावशीनं बजावलं होतं. "लग्नाला घालतात तसली टोपीही नको. समुद्रातून वर येतानाचा काढ. हसरा."

वाण्याकडची यादी सांगावी तसं तिनं हे सांगितलं होतं. तेव्हापासून ईमरला तिचा राग येत होता. आजारी माणसावर चिडता येत नाही, म्हणून ती उजेडावर चिडत होती, समुद्रावर चिडत होती.

"बाहेर काढ आता तिला," मावशीची मैत्रीण डिंपना टॉवेल आणि थर्मास घेऊन भिंतीपाशी उभी होती. ती केव्हाच पोहून, कपडे चढवून तयार होती. "ओठ निळे पडलेत. डॉक्टर कापायचं ते कापतील, तू आधीच मारू नकोस."

"ये वर, मावशी. सावकाश. कठडा धर."

तेवढ्यात ऊन पडलं. मावशी दोन पायऱ्या चढली, तिचा पाय सटकला, तिनं तोल सावरला, आणि स्वतःच्याच फजितीला खदखदून हसली. ईमरचं बोट बधिर झालं होतं, पण कळ दाबली गेली.

तिनं पडद्यावर पाहिलं. सगळं होतं. डोळे उघडे, गालावर ऊन, कपाळाला चिकटलेले पांढरे केस, मागे नुसता समुद्र. फोटोभोवतीची काळी चौकट आणि खालच्या दोन तारखासुद्धा ईमरला दिसल्या.

डिंपनानं मावशीला टॉवेलात गुंडाळून बाकावर बसवलं. मावशी इतकी कापत होती की कपातला चहा अर्धा सांडला.

"आला?" तिनं विचारलं. वर न बघता, अगदी हळू.

ईमरनं एक बटण दाबलं. फोटो पुसायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं.

"हलला," ती म्हणाली. "पार हलला."

डिंपना आता ईमरच्या खांद्यामागेच उभी होती. तिनं ईमरकडे एकदा पाहिलं आणि थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

"पाच दिवस!" मावशीचे दात वाजत होते. "पाच दिवस मला या बर्फात बुडवलंस, आणि हलला? कसली गं फोटोग्राफर तू? गोळ्याच विकत बस!"

"विकते. टाके निघाले की ये परत. मार्चमध्ये उजेड चांगला असतो."

मावशी बराच वेळ तिचा उद्धार करत राहिली. मग मोजा चढवता चढवता थांबली.

"मार्चमध्ये पाणी याहून गार असतं, मूर्ख मुली," ती म्हणाली. "एप्रिल म्हण."

"एप्रिल," ईमर म्हणाली.